दोन गुल्डनांच्या रेषेखालची माणसं

रोबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पत्र्याचा माणूस उभा राहतो. बटण दाबलं की उठतो, बटण दाबलं की बसतो. पण हा शब्द पत्र्याचा नाही. तो हाडामासाच्या माणसाचा आहे. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचे दिवस. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिलं. त्यातल्या यंत्रमाणसांना काय नाव द्यावं म्हणून त्याने चित्रकार भावाला विचारलं, आणि भावाने हा शब्द सुचवला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी रोबोटा केली होती, त्यांना त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. आपल्यालाही लागू नये. आपल्याकडे त्याला वेठबिगार म्हणतात, येसकरकी म्हणतात, राबता म्हणतात. पाटलाच्या वाड्यापुढे लाकडं फोडणारा आणि बोहेमियातल्या सरदाराच्या शेतात नांगर धरणारा, दोघांनाही सकाळी उठल्यावर एकच गोष्ट ठाऊक असायची. आजचा दिवस आपला नाही.

ही वेठ आणि तिच्यासोबतचा चर्चचा दशांश मोडून काढायला एक बादशहा निघाला होता. त्याची गोष्ट मला तुमच्यापुढे मांडायची आहे. राजांच्या गोष्टी आपल्याला लहानपणापासून पुष्कळ ऐकवल्या गेल्या. दयाळू राजा, प्रजेचा बाप असलेला राजा. मी ही गोष्ट राजासाठी सांगत नाही. त्याच्या कायद्यातल्या एका कलमासाठी सांगतो. त्या कलमात कोण आत आणि कोण बाहेर हे ठरलं होतं.

बादशहाचं नाव जोसेफ दुसरा. घराणं हाब्सबुर्ग, राजधानी वियेन्ना. ऑस्ट्रिया, बोहेमिया, मोराविया, हंगेरी, ट्रान्सिल्व्हेनिया, गॅलिशिया असा पसरलेला मुलूख. १७६५ पासून तो आईबरोबर, मारिया थेरेसाबरोबर, राज्य करीत होता. आई १७८० च्या नोव्हेंबरात वारली आणि तो एकटा धनी झाला. दहा वर्षंही पुरती मिळाली नाहीत. २० फेब्रुवारी १७९० ला तो मेला.

त्या मुलखातला कुणबी कसा जगत होता ते आधी बघू. जमीन दोन जातींची होती. हो, जातीच म्हणतो. एक सरदाराची खास जमीन आणि दुसरी रयतेची जमीन. रयतेच्या जमिनीवर सरकारी कराचं ओझं जास्त, सरदाराच्या जमिनीवर कमी. हंगेरीत तर सरदार कर देतच नव्हते. कर न देणं हाच त्यांच्या सरदारकीचा पुरावा होता. आपल्याकडे जानव्याने जे काम केलं, तेच तिकडे करमाफीने केलं.

आणि रयतेच्या जमिनीवर नुसता सरकारी कर नव्हता. सरदाराचा खंड होता, सरदाराची वेठ होती, आणि चर्चचा दशांश होता. दशांश म्हणजे पिकाचा दहावा भाग. मूळ म्हणणं असं, की देवाने पिकवलं, तर दहावा वाटा देवाचा. पण देव खळ्यावर येत नाही. खळ्यावर पोतं घेऊन येतो तो देवाचा माणूस. पुढे पुढे तर हा दशांशाचा हक्कच विकला गेला, गहाण पडला, सरदारांच्या हातात गेला. म्हणजे देवाच्या नावाने काढलेलं धान्य कित्येक ठिकाणी ज्याच्या अंगावर पाद्र्याचा झगाही नाही त्याच्या कोठारात जाऊन पडत होतं. कुणब्याला मात्र तो देवाचाच वाटा. नाही दिला तर पाप, आणि पापाच्या जोडीला शिपाई.

शिवाय माणूस जमिनीला बांधलेला. सरदाराच्या परवानगीशिवाय लग्न नाही, गाव सोडणं नाही, पोराला धंदा शिकवणं नाही.

बोहेमियात १७७१-७२ साली मोठा दुष्काळ पडला. माणसं मेली. दुष्काळ ओसरला तरी वेठ ओसरली नाही. १७७५ साली बोहेमियातले कुणबी उठले. गावागावांत अशी वदंता होती, की महाराणीने आपल्यासाठी एक सोनेरी फर्मान काढलं आहे, वेठ माफ केली आहे, पण सरदारांनी ते दडवून ठेवलं आहे. ते फर्मान मागायला लोक वाड्यांवर गेले, प्राग शहरावर चालून गेले. सैन्याने त्यांना मोडून काढलं.

हे सोनेरी फर्मान कधीच नव्हतं. पण या वदंतेचा विचार केला पाहिजे. राजा चांगला आहे, मधले लोक वाईट आहेत, ही समजूत पिचलेल्या माणसाला किती काळ जगवते आणि किती काळ नागवते! आपल्याकडेही हेच चालतं. दिल्लीतला चांगला, मुंबईतला वाईट. मुंबईतला चांगला, तलाठी वाईट. कागद निघालाय म्हणे, मधेच कुणीतरी दाबलाय म्हणे.

पण हेही खरं की उठाव वाया गेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टात मारिया थेरेसाने बोहेमियासाठी वेठीचा कायदा काढला. आठवड्याला तीन दिवसांपेक्षा जास्त वेठ घ्यायची नाही, आणि ज्याची जितकी जमीन तितकी त्याची वेठ. सुधारणाच म्हणायची. पण यादीच्या शेवटाला बघा कोण आहे. ज्याला फक्त झोपडं आहे, जमीन नाही, त्याला वर्षाला २६ दिवस वेठ. ज्याला झोपडंही नाही, दुसऱ्याच्या आढ्याखाली बिऱ्हाड करून राहतो, त्याला १३ दिवस. जमीन नाही, घर नाही, पण वेठ आहे! मग ही वेठ जमिनीचा मोबदला कशी? ही वेठ जन्माचा मोबदला होती. या शेवटच्या दोन ओळींतली माणसं लक्षात ठेवा. पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

जोसेफचं एक चित्र फार प्रसिद्ध आहे. १९ ऑगस्ट १७६९ ला मोरावियातून प्रवास करताना स्लाविकोविट्से गावापाशी तो गाडीतून उतरला आणि एका कुणब्याच्या हातातून नांगर घेऊन त्याने तास धरलं. या प्रसंगाची चित्रं छापली गेली, घरोघर लागली, पुढे तिथे स्मारक झालं. नांगरही जपून ठेवला. राजाने एक तास धरलं त्याचं स्मारक होतं. कुणब्याने जन्मभर तास धरलं त्याचं काही नाही. पण जोसेफला नुसतं चित्रापुरतं सोडून देता येणार नाही. तो खरोखर कामाला लागला होता.

त्याचा हेतू काय होता? दया होती, नाही असं नाही. पण हिशोब जास्त होता. त्याला सैन्य पाहिजे होतं, सैन्याला पैसा पाहिजे होता, आणि पैसा देणारा कुणबी सरदाराने आधीच पिळून चोथा केलेला होता. चोथ्यातून रस निघत नाही. त्या काळी फ्रान्सात काही विद्वान मांडत होते की सगळ्या संपत्तीचं मूळ जमीन, म्हणून कर घ्यायचा तो जमिनीवर, सगळ्यांच्या जमिनीवर, सारखा. जोसेफने हे मनावर घेतलं. राज्यकर्त्याचा हिशोब आणि पिचलेल्याचं हित क्वचित एका रेषेत येतात. आले तर त्याचा फायदा जरूर घ्यावा, पण त्याला प्रेम समजू नये.

१३ ऑक्टोबर १७८१ ला त्याने धर्मसहिष्णुतेचा कायदा काढला. प्रॉटेस्टंट आणि ग्रीक पंथाच्या ख्रिश्चनांना आपापल्या पद्धतीने उपासनेची मोकळीक. १ नोव्हेंबर १७८१ ला बोहेमिया, मोराविया, सायलेशियातली बांधलेपणाची पद्धत रद्द केली. आता कुणब्याने लग्न करावं, गाव सोडावं, पोराला सुतारकी शिकवावी, सरदाराला विचारायचं कारण नाही. वेठ मात्र राहिली. खंड राहिला. दशांश राहिला. पायातली बेडी निघाली, पाठीवरचं ओझं तसंच.

मग त्याचा मोर्चा मठांकडे वळला. जे मठ शाळा चालवत नाहीत, आजाऱ्यांची सेवा करत नाहीत, नुसती जपमाळ ओढतात, त्यांचा समाजाला उपयोग काय, असा सरळ प्रश्न त्याने विचारला. १७८२ पासून सातशेच्या वर मठ बंद झाले. त्यांच्या जमिनी, इमारती, चांदीसोनं सरकारजमा करून त्याचा धर्मनिधी केला आणि त्यातून गावोगाव नवी चर्चं आणि पाद्र्यांचे पगार चालवले. १७८२ साली खुद्द पोप, सहावा पायस, रोमहून वियेन्नाला बादशहाची समजूत घालायला आला. बादशहाने स्वागत केलं, पण कायदे मागे घेतले नाहीत. पण हेही बघा, मठाची जमीन कुणब्याला वाटली नाही. देवाच्या दप्तरातून निघाली ती सरकारच्या दप्तरात गेली.

मधेच १७८४ साली ट्रान्सिल्व्हेनिया पेटलं. तिथला कुणबी रुमानी भाषेचा, ऑर्थोडॉक्स पंथाचा, आणि सरदार हंगेरियन. होरिया नावाचा एक कुणबी गावकऱ्यांचे अर्ज घेऊन अनेकदा वियेन्नाला गेला होता. बादशहा आपल्या बाजूचा आहे या भरवशावर नोव्हेंबरात होरिया, क्लोश्का आणि क्रिशान यांनी उठाव केला. बादशहाचंच सैन्य त्यांच्यावर आलं. क्रिशानने तुरुंगात स्वतःचा जीव घेतला. होरिया आणि क्लोश्का यांना २८ फेब्रुवारी १७८५ ला आल्बा यूलिया गावी चाकाने हाडं मोडून मारलं. हे बघायला गावोगावच्या कुणब्यांना मुद्दाम आणून उभं केलं होतं. आणि त्याच वर्षी, २२ ऑगस्ट १७८५ ला, त्याच बादशहाने हंगेरी-ट्रान्सिल्व्हेनियातली बांधलेपणाची पद्धत रद्द केली.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. ज्या मागणीसाठी माणसाची हाडं मोडली, ती मागणी सहा महिन्यांत मान्य! म्हणजे मागणी चूक नव्हती. खालच्याने ती मागितली हाच गुन्हा होता. वरच्याने दिली की दान, खालच्याने मागितली की बंड. आपल्या चळवळीत हा अनुभव कुणाला नवा आहे?

आता मुख्य गोष्टीवर येतो.

एप्रिल १७८५ मध्ये जोसेफने हुकूम काढला की सगळी जमीन मोजा. सरदाराची असो, चर्चची असो, कुणब्याची असो, एकाच दोरीने मोजा. आणि प्रत्येक तुकड्यात किती पिकतं ते लिहा. एवढे मोजणीदार कुठून आणणार? म्हणून गावातलीच माणसं निवडून कामाला लावली. विचार करा, ज्या कुणब्याने सरदाराच्या बांधावर उभं राहून कधी वर बघितलं नाही, तो आता सरदाराच्या शेतात दोरी टाकून उभा आहे आणि आकडा लिहून घेतो आहे. कायदा पुढे टिकला की नाही हा वेगळा प्रश्न. पण एकदा दोरी हातात आलेल्या माणसाची नजर पहिल्यासारखी राहत नाही. आपला सातबारा आपण वाचायला शिकलो तेव्हा काय झालं ते आठवा.

मोजणीला जवळजवळ चार वर्षं लागली. मग १० फेब्रुवारी १७८९ ला कायदा आला. कर आणि खंडाचा कायदा. त्यातला हिशोब असा :

कुणब्याच्या जमिनीत १०० गुल्डनांचं पीक आलं असं धरा. गुल्डन म्हणजे तिकडचा रुपया, त्याचे ६० क्रॉयत्सर. त्यातले ७० गुल्डन कुणब्याचे. बी-बियाणं, गुरंढोरं, पोटपाणी, गावखर्च सगळं त्यात. उरले ३०. त्यातले १२ गुल्डन १३ पूर्णांक १ तृतीयांश क्रॉयत्सर सरकारचे. आणि १७ गुल्डन ४६ पूर्णांक २ तृतीयांश क्रॉयत्सर सरदाराचे. यातच खंड आला, वेठीचा मोबदला आला, दशांशवाल्याचा दशांशही आला. याच्या वर एक क्रॉयत्सर मागायचा नाही. आणि द्यायचं ते रोख. धान्याने नाही, अंगमेहनतीने नाही. वेठ संपली. सरदाराला माणूस पाहिजे असेल तर त्याने कुणब्याशी बोलून करार करावा.

सरदाराच्या जमिनीलाही कर लागला, कुणब्याच्या जमिनीसारखाच. जमिनीची जात गेली.

हा कायदा केवढा मोठा होता ते सांगायला एकच गोष्ट पुरे. तिथल्या दरबाराचा एक मोठा मंत्री होता, काउंट खोतेक. स्वतः बोहेमियातला मोठा जमीनदार. त्याने या कायद्यावर सही करायला नकार दिला आणि राजीनामा दिला. नावात ‘खोत’ आहे हा योगायोग. स्वभाव मात्र कोकणात ओळखीचा वाटावा असा. सरदारांनी ओरड केली की आम्ही बुडालो. मजूर कुठून आणायचे? कामाला पैसे द्यायचे? माणसाला त्याच्या कामाचा पैसा द्यावा लागणं म्हणजे बुडणं, अशी ज्यांच्या अर्थशास्त्राची व्याख्या, ते असेच ओरडणार.

आता ते कलम.

तृतीयांश क्रॉयत्सरपर्यंत हिशोब करणाऱ्या या कायद्याचा लाभ कुणाला? रयतेची जमीन कसणाऱ्याला, आणि तेही वर्षाला किमान २ गुल्डन जमीनकर भरणाऱ्याला. त्याखालच्याला नाही. सरदाराच्या खास जमिनीवर कुळ म्हणून राहणाऱ्याला नाही. झोपडीवाल्याला नाही. बिऱ्हाडकरूला नाही. म्हणजे ज्यांना आधीच्या कायद्याने २६ दिवस आणि १३ दिवस वेठ लावली होती, ती शेवटच्या दोन ओळींतली माणसं नव्या कायद्याच्या दाराबाहेर राहिली.

बादशहाने मुलूखभर जमीन मोजली. वावर मोजलं, कुरण मोजलं, मळा मोजला. ज्याच्याकडे मोजायला काही नव्हतं, तो माणूस मोजणीत आलाच नाही. जमिनीवर उभा राहून सुधारणा करायची म्हटली, की ज्याच्या पायाखाली जमीन नाही तो दिसत नाही. हे जोसेफच्या दुष्टपणामुळे झालं असं मी म्हणत नाही. त्याच्या मोजपट्टीमुळे झालं. कर कोण देतो या प्रश्नाने त्याने सुरुवात केली होती. कोण राबतो या प्रश्नाने केली असती, तर कलम वेगळं लिहिलं गेलं असतं.

कायदा लागू व्हायची तारीख होती १ नोव्हेंबर १७८९. पण तोपर्यंत दिवस फिरले होते. १७८८ पासून तुर्कांशी युद्ध चालू होतं. युद्धाला पैसा आणि माणसं लागत होती, महागाई वाढली होती. बेल्जियमकडचा मुलूख बंड करून उठला होता. हंगेरीतले सरदार उघड बंडाच्या भाषेत बोलत होते. बादशहा स्वतः क्षयाने खंगला होता. कुणब्यांनी कायदा ऐकला आणि कित्येक गावांत वेठीला जायचंच सोडलं. काही ठिकाणी रोख रक्कमही देईनात. सरदार म्हणाले, बघा, सांगत नव्हतो?

२८ जानेवारी १७९० ला मरणाच्या दारात असलेल्या जोसेफने हंगेरीपुरत्या आपल्या जवळजवळ सगळ्या सुधारणा मागे घेतल्या. धर्मसहिष्णुता, चर्चची नवी व्यवस्था आणि कुणब्यांची सुटका एवढंच ठेवलं. तीन आठवड्यांनी तो वारला. गादीवर भाऊ लिओपोल्ड आला. हाही अडाणी नव्हता. इटलीत तोस्काना प्रांतात त्याने स्वतः चांगल्या सुधारणा केल्या होत्या. पण त्याला सिंहासन वाचवायचं होतं. १७९० च्या त्याच वसंतात त्याने कर आणि खंडाचा कायदा रद्द केला. ७० आणि ३० चा हिशोब सहा महिनेच जगला. वेठ परत आली, दशांश परत आला. गावांत दंगे झाले, सैन्य आलं, सगळं शांत झालं. शांत म्हणजे वेठीला लोक परत जाऊ लागले.

आता याच वर्षी शेजारी काय घडलं ते बघा. १७८९ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधले कुणबी उठले. त्यांनी वाड्यांत घुसून खंडाची दप्तरं जाळली. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री पॅरिसजवळ व्हर्सायला सभेत सरदार आणि पाद्री उठून उठून आपले हक्क सोडू लागले. बाहेर आग दिसत होती म्हणून सोडू लागले. आठवडाभरात चर्चचा दशांश मोबदल्याशिवाय रद्द ठरला. जमिनीवरच्या देण्यांना मात्र मोबदल्याची पाचर मारून ठेवली. कुणब्यांनी तो मोबदला भरलाच नाही. चार वर्षं झुंजवलं. शेवटी १७ जुलै १७९३ ला तीही देणी मोबदल्याशिवाय रद्द झाली. पुढे नेपोलियन आला, गेला. जुने राजे परत आले. दशांश परत आला नाही.

एकाच वर्षी दोन मुलखांत दशांशावर घाव बसला. वियेन्नातला घाव एका हुशार, कष्टाळू, प्रामाणिक बादशहाने घातला होता. तृतीयांश क्रॉयत्सरपर्यंत हिशोब करून घातला होता. तो सहा महिन्यांत पुसला. फ्रान्सातला घाव अडाणी कुणब्यांनी घातला होता. तो राहिला. फरक कायद्याच्या मसुद्यात नव्हता. मसुदा वियेन्नाचा जास्त नीटस होता. फरक एवढाच, की कायदा मागे घ्यायला आलेल्या माणसाला अडवायला फ्रान्समध्ये गावोगाव माणसं उभी होती. ऑस्ट्रियात कुणब्याच्या बाजूला एकच माणूस उभा होता आणि तो मेला. लगेच जोडतो, की फ्रान्सातही बिनजमिनीच्या मजुराच्या वाट्याला जमीन फारशी आली नाही. उठाव करणाऱ्यांतही शेवटची ओळ असते.

ऑस्ट्रियात वेठ संपायला १८४८ उजाडलं. जोसेफच्या मरणानंतर ५८ वर्षं. त्या वर्षी वियेन्नात क्रांती झाली, लोकसभा बसली. तिथे सायलेशियातल्या एका वेठ करणाऱ्या कुणब्याचा पोरगा निवडून आला होता. हान्स कुडलिख. वय २४. सभागृहातला सर्वांत तरुण सभासद. त्याने जुलैत ठराव मांडला, की बांधलेपणाची सगळी बंधनं रद्द करा. ७ सप्टेंबर १८४८ ला कायदा झाला. मोबदला देऊ नये असं कुडलिखचं म्हणणं होतं. ते हरलं. जमिनीच्या देण्यांची किंमत ठरवून तिचा एक वाटा सरदाराने सोडायचा, एक वाटा सरकारी खजिन्यातून द्यायचा आणि एक वाटा कुणब्याने भरायचा, असं ठरलं. म्हणजे शतकानुशतकं लुटलेल्याने लुटणाऱ्याला निरोपाची दक्षिणा द्यायची. पुढे क्रांती चिरडली गेली. कुडलिख देश सोडून पळाला, मागे त्याला मरणाची शिक्षा फर्मावली गेली. तो अमेरिकेत जाऊन डॉक्टरकी करीत राहिला आणि १९१७ साली तिथेच वारला. क्रांतीची जवळजवळ सगळी कमाई बादशाहीने परत हिसकावली. पण वेठ परत आणायची हिंमत कुणाची झाली नाही. ती आता राजाची देणगी नव्हती. आणि झोपडीवाला? बिऱ्हाडकरू? त्यांचे हात मोकळे झाले. हातात जमीन आली नाही. ते मजूर झाले, शहरात गेले, गिरण्यांत गेले.

मित्रांनो, मी तुम्हाला वियेन्नाला कशाला नेलं?

आपल्या घरचा हिशोब त्याशिवाय नीट दिसत नाही म्हणून. महारकीच्या वतनाने आपल्या बापजाद्यांना तुकडाभर जमीन देऊन चोवीस तास बांधून ठेवलं. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९१८ साली ते वतन मोडलं. पण ते एका संस्थानापुरतं. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं. त्यात मागणी काय होती? काम घ्या तर रोख पगार द्या, नाही तर जमीन पूर्ण साऱ्याने आमच्या नावे करून आम्हाला वेठीतून सोडा. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करायचं बिल आणलं. आणि नुसतं बिल आणून बसले नाहीत. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. जोसेफजवळ जे नव्हतं, ते बाबासाहेबांनी आधी उभं केलं. कायद्याचा मसुदा एका हातात आणि माणसं दुसऱ्या हातात.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली, महारकी १९५८ च्या कायद्याने. आणि १ एप्रिल १९५७ ला ‘कसेल त्याची जमीन’ आली. घोषणा ऐकून आपल्या वस्तीतल्या लोकांना वाटलं, कसतो तर आपणच! पण कायद्यात ‘कसेल’ म्हणजे कुळ. ज्याचं नाव कुळ म्हणून कागदावर लागलं तो. आणि जो मजुरीवर राबतो, सालदार म्हणून राबतो, ज्याच्या घामाशिवाय दाणा निघत नाही, तो कसणारा नाही. दोन गुल्डनांची रेषा इथेही होती. इथे ती सातबाऱ्याच्या कुळाच्या रकान्यात होती. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांना १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला. त्यात लाखोंनी तुरुंग भरले ते सगळे रेषेखालचे. बाबासाहेबांनी हा धोका आधीच ओळखला होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करा, जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्या, म्हणजे ना जमीनदार राहील, ना कुळ, ना भूमिहीन मजूर, अशी मांडणी केली. जमिनीच्या मालकापासून सुरुवात केली की शेवटचा माणूस सुटतो. म्हणून त्यांनी सुरुवातच शेवटच्या माणसापासून केली.

तेव्हा उद्या कुठल्याही सरकारने, कुठल्याही पक्षाने, कुठल्याही दयाळू धन्याने सुधारणेचा कागद आणून हातात दिला, की त्याचं पहिलं पान वाचून टाळ्या वाजवू नका. पहिल्या पानावर ७० टक्के लिहिलेलं असतं. पान उलटा. लाभ कुणाला मिळेल, ते कलम शोधा. ते बहुतेक बारीक अक्षरात असतं. त्यात आपली माणसं आत आहेत की बाहेर ते बघा. बाहेर असतील तर तो कागद आपला नाही. भांडा. आत असतील तर तो कागद परत न्यायला कोण येईल आणि त्या दिवशी दारात आपली किती माणसं उभी असतील, ते आजच मोजा.

जोसेफने थडग्यावर काय लिहावं ते स्वतःच सुचवलं होतं असं सांगतात. अर्थ असा, की इथे जो झोपला आहे त्याचे हेतू शुद्ध होते पण सगळे बेत फसले. माणूस प्रामाणिक होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शुद्ध हेतूच्या भरवशावर आपल्या लोकांनी फार पिढ्या काढल्या. आता दोरी आपल्या हातात घेऊ या, आणि मोजणी सुरू करू या ती झोपडीपासून.

जय भीम.